उपवास म्हणून लिहिलेला आजार

गेल्या वैशाखात चिखलीच्या एका लग्नमंडपात माझ्या सुनेचा भाऊ हातात ताट घेऊन चार पाहुण्यांना सांगत होता की, त्याच्या भाचीला तिच्या आजोबाने देवाच्या नावावर उपाशी ठेवले, पोर मरायला टेकली तेव्हा म्हाताऱ्याने स्वतःच्या तेराव्यासाठी ठेवलेले पैसे मोडले, आणि आता तो गावभर त्याचा टेंभा मिरवतो. मी त्याच्या मागे वरणाच्या बादलीपाशी उभा होतो. त्याने मला पाहिले नसेल, किंवा पाहून न पाहिल्यासारखे केले असेल. दोन्ही त्याला जमते. मी बोललो नाही. परक्याच्या मांडवात, हात खरकटा असताना वाद घालणे मला शोभत नाही. मात्र त्याचे म्हणणे उलगडून पाहिले तर त्यातला पहिला भाग खोटा आहे, दुसरा अर्धवट आहे आणि तिसरा निव्वळ मत्सराचा आहे. गावात या विषयाच्या आणखी दोन-तीन हकिकती फिरत आहेत. त्या सगळ्यांना उत्तर म्हणून मी हे लिहीत आहे.

मी चाळीस वर्षे देऊळगाव राजाला नोंदणी कार्यालयाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये बसून दस्त लिहिले. खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, गहाणखत. माझ्या हातच्या दस्ताला वकिलांनी कोर्टात हात लावला, पण त्यातून वाट काढता आली असा एकही निघाला नाही. दस्तात आधी मिळकतीची चतुःसीमा लिहावी लागते. म्हणून इथेही घर कोणाकोणाचे ते सांगून टाकतो. मी, माझी पत्नी, ठिबक सिंचनाच्या सामानाचे दुकान चालवणारा मुलगा, सून आणि त्यांची एकुलती एक मुलगी. हकिकत त्या मुलीची. ती सुरू झाली तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि अकरावीला शिकत होती. घरात माझ्याइतके स्पष्ट बोलणारे तिच्याशिवाय दुसरे कोणी नाही.

श्रावणात तिने सोमवार धरला. आमच्या घरात मुलींनी सोमवार धरणे यात नवल नाही. तिच्या आजीने धरले, आत्याने धरले. मग गुरुवार आला. मग शनिवार, चतुर्थी आणि दोन्ही पक्षांच्या एकादश्या. नवरात्रात तिने नऊ दिवसांचा उपास केला आणि तोही साबुदाण्याशिवाय, कारण साबुदाणा खाऊन कसला उपास, असे ती म्हणाली. हे मला आवडले, हे मी लपवत नाही. बालाजीच्या देवळात आरतीनंतर बसणाऱ्या मंडळींना मी सांगितले की, आजकालच्या मुलींना दोन तास मोबाईल सोडवत नाही आणि माझी नात नऊ दिवस अन्न सोडते. मंडळींनी माना डोलावल्या. एकाने तर आपल्या सुनेला आमच्या घरी मुलीच्या पाया पडायला पाठवले.

घरात एकट्या माझ्या पत्नीला हे पटले नाही. ती नांदुरा तालुक्यातल्या वडनेर भोलजीची. पन्नास वर्षे माझ्या घरात राहूनही तिने माहेरची भाषा सोडलेली नाही. दसऱ्याच्या दिवशी मुलीने उपास सोडला तेव्हा पत्नी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. रात्री मला म्हणाली, "मले हे उपास वाटून नाई राह्यले. नऊ दिवसांचं भुकेलं माणूस ताटावर कसं पडते? अन् ही पोरगी पुरणपोळीकडे सापावानी पाहते."

मी तिला गप्प केले. देवाचे नाव घेणाऱ्या पोरीवर संशय घेऊ नये, असे काहीतरी म्हणालो. एवढे मी मान्य करतो. पण मुलीला उपास करायला मी सांगितले, असे जो म्हणेल त्याने त्या दिवसाची तारीख आणि साक्षीदार घेऊन माझ्यापुढे यावे. मी तिला उपाशी ठेवले नाही. ती उपाशी राहत होती आणि मी त्याची वाहवा करत होतो. सुनेच्या भावाला या दोहोंतला फरक कळत नसेल तर तो त्याच्या शिक्षणाचा दोष आहे.

मार्गशीर्षात ती कॉलेजात प्रयोगशाळेत उभ्या उभ्या कोसळली. गावातल्या एका खाजगी दवाखान्यात तिला नेले. तिथले डॉक्टर सज्जन आहेत. त्यांनी मुलीचे हात पाहिले, पापण्या पाहिल्या, तिच्या आईला बाजूला घेऊन बाईमाणसांचे प्रश्न विचारले, आणि मग कागद पुढे ओढून मला म्हणाले की, ही नुसत्या अशक्तपणाची केस दिसत नाही, मुलगी मुद्दाम जेवण टाळते आहे का, तिच्या मनावर काही आहे का, हे तपासून घ्यावे लागेल. तसे ते कागदावर लिहिणार होते.

मी त्यांना थांबवले. माणूस जातो, कागद राहतो, हे मी चाळीस वर्षे पाहिले आहे. आजोबांच्या काळातल्या एका शब्दावरून नातवंडे कोर्टात उभी राहिलेली मी पाहिली आहेत. उद्या मुलीचे लग्न ठरताना कोणाच्या हाती असा कागद पडला तर? मी म्हणालो, डॉक्टरसाहेब, मी सांगतो तसे लिहा, आणि सांगितले: 'धार्मिक श्रद्धेने स्वेच्छेने केलेल्या सततच्या उपवासांमुळे आलेला अशक्तपणा.' त्यांच्या दवाखान्याची जागा घेतली तेव्हाचे खरेदीखत माझ्या हातचे होते. त्यांनी तसे लिहिले. सलाईन लावले, टॉनिक दिले आणि आम्ही घरी आलो. पौषात ती पुन्हा पडली. पुन्हा सलाईन, पुन्हा टॉनिक, आणि कागदावर पुन्हा तेच वाक्य.

माझी सून सांगते की माझ्यामुळे आठ महिने गेले. हे चूक आहे. श्रावण ते माघ हे सहा महिने होतात. सहाही पुष्कळ होते, हे मला कोणी शिकवायला नको.

त्या काळात मुलाने काय काय केले नाही? एका आहारतज्ज्ञाकडून तक्ता आणला. मुलीने तो पाठ केला आणि त्यातल्या चुका काढल्या. जालन्याला पोटाची तपासणी केली, नळी घालून पाहिले. पोट निर्दोष निघाले. क्षयाची तपासणी झाली, थायरॉईडची झाली. देऊळघाटहून माझी विधवा बहीण गंडा घेऊन आली. प्रत्येक ठिकाणी एक दिवस मोडायचा, पैसे मोजायचे आणि परतायचे. बसमध्ये मुलगी खिडकीशी बसून पुस्तक वाचायची आणि मुलगा, सून आणि मी तिच्या हातातल्या केळ्याकडे पाहत बसायचो. उतरताना केळे तसेच असायचे.

या आजाराचे नाव पहिल्यांदा मला डॉक्टरने सांगितले नाही, औषधाच्या दुकानदाराने सांगितले. त्या दवाखान्याखालीच त्यांचे दुकान आहे. मुसलमान गृहस्थ, वयाने माझ्याहून दहा वर्षांनी लहान. त्यांच्या वडिलांपासून मला मुन्शीजी म्हणतात. मी टॉनिकची बाटली घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी गिऱ्हाईक संपेपर्यंत मला बसवून ठेवले आणि मग म्हणाले, "मुन्शीजी, बुरा मानू नका. दोन महिने झाले, तुम्ही बाटल्या नेऊन राहिले. माझी मुलगी शहरात नर्स आहे. ती म्हणते असा आजारच असतो, खाण्याचा. पोटाच्या नाही, मनाच्या डॉक्टरला दाखवा."

मी म्हणालो, माझी नात दहावीला शाळेत पहिली आली आहे; तिचे डोके ठीक आहे; तुम्ही गोळ्या विका.

"हुशारी अलग आणि बिमारी अलग, मुन्शीजी," ते म्हणाले, आणि बाटली कागदात गुंडाळून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या घरी आले. मी त्यांना बसा म्हणालो नाही. त्यांनी उंबऱ्याबाहेर उभे राहून औषधाच्या खोक्याचा फाडलेला तुकडा पुढे केला. त्यावर त्यांची मुलगी जिथे नर्स आहे त्या संभाजीनगरच्या रुग्णालयाचा फोन नंबर होता. "गुस्सा करा," ते म्हणाले, "पण नंबर ठेवा." तो तुकडा मी घेतला नाही. तो पत्नीने घेतला आणि दुपारी दुकानात जाऊन मुलाच्या हाती दिला. नंबर वडिलांनी मिळवला, असे मुलगा पाहुण्यांत सांगतो. बापाचा मान राखावा म्हणून सांगत असेल, पण मला खोटा मान नको आहे.

शहरात जाण्याआधी आम्ही बुलढाण्याला एक प्रयत्न केला. तिथे महिन्यातून दोनदा बाहेरगावाहून येणारे मनोविकाराचे एक डॉक्टर बसतात. बाहेर दारू सोडवायला आणलेली माणसे होती, झोप नसलेल्या बाया होत्या, आणि आमची पोर त्यांच्यात वही मांडीवर घेऊन गणिते सोडवत होती. डॉक्टरांनी तिच्याशी अर्धा तास बोलून मला सरळ सांगितले की, हा आजार त्यांना ओळखता येतो पण त्याचा उपचार त्यांना इथे करता येणार नाही. त्याला शरीराचा डॉक्टर लागतो, मनाचा लागतो, आहाराचा माणूस लागतो आणि तिघे एका छताखाली लागतात. "मी दोन आठवड्यांनी येणारा माणूस आहे, ही मुलगी रोज तीनदा जेवणार आहे," असे ते म्हणाले. त्यांनी फी घेतली नाही. आमच्या जिल्ह्याविषयी मला कोणी इतके खरे बोललेले आठवत नाही.

संभाजीनगरच्या त्या रुग्णालयात डॉक्टर म्हणून एक बाई होत्या. माझ्या मुलापेक्षा लहान. त्यांनी मला मुलीच्या शेजारी बसवले नाही, समोर बसवले, आणि पहिला प्रश्न विचारला, घरात उपवास कोण कोण करते. सर्वजण, मी अभिमानाने म्हणालो.

"आजपासून कोणीच करायचा नाही," त्या म्हणाल्या. "ती बरी होईपर्यंत त्या घरात उपवास हा शब्द नको."

मी त्यांना विचारले, तुम्हाला हा अधिकार कोणी दिला? मी पन्नास वर्षे एकादशी मोडलेली नाही. त्या काही बोलायच्या आत माझी पत्नी म्हणाली, "मी सोडते. देव काई ताट मोजत नाई." एका वाक्यात तिने आयुष्याचे व्रत बाजूला ठेवले. मला त्या वेळी तिचा राग आला. आजही थोडा आहे, कारण तिला ते इतके सोपे गेले.

त्या बाईंनी बोलायला मनाई केलेल्या शब्दांची यादीही दिली. सुकलीस म्हणायचे नाही, भरलीस म्हणायचे नाही, छान दिसतेस म्हणायचे नाही, ताटात किती उरले ते मोजायचे नाही. कारण शोधत बसायचे नाही आणि आईला दोष द्यायचा नाही. सुनेने हे ऐकून पदराने डोळे पुसले, आणि घरात आतापर्यंत दोष कोण देत होते ते मला न पाहताही कळले.

मुलगी पाच आठवडे तिथे होती. आमच्याजवळचे सरकारी आरोग्य योजनेचे कार्ड त्या रुग्णालयात चालत नव्हते. मुलाने दुकानाच्या भांडवलातून पैसे भरले, कारण त्याने घरच्यांसाठी विमा उतरवलेला होता आणि तो परत मिळेल असा हिशेब होता. सुट्टी देताना डॉक्टरबाईंनी सांगितले की खरे काम आता घरी आहे: दिवसातून पाच वेळा खाणे, प्रत्येक वेळी घरातले एक माणूस समोर बसलेले, आणि दर गुरुवारी तपासणीला शहरात यायचे, वर्षभर. मध्ये सोडले तर झालेले सगळे वाया जाईल, हे त्यांनी दोनदा सांगितले. तेव्हा पुढचा सगळा प्रश्न एवढाच होता की ते वर्ष पुरे करता येते की नाही.

विम्याचा दावा नामंजूर झाला. मी मुलाबरोबर जालन्याला त्यांच्या कार्यालयात गेलो. काउंटरवरच्या तरुणाने पडद्याकडे पाहत कारण वाचून दाखवले: रुग्णाने धार्मिक श्रद्धेने स्वेच्छेने केलेले सततचे उपवास, स्वतःहून ओढवून घेतलेली अवस्था, विमा लागू नाही.

वाक्य माझे होते, दाव्याला जोडलेल्या गावच्या डॉक्टरांच्या कागदांवरून उचललेले. 'स्वेच्छेने' हा शब्द मी मुद्दाम घातला होता, घरच्यांनी बळजबरी केली असे उद्या कोणी म्हणू नये म्हणून. त्यातून वाट काढता येत नव्हती. मी तशीच वाक्ये लिहितो. मुलगा माझ्याकडे पाहत नव्हता. तो भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहत होता. त्याने मला एक शब्द ऐकवला असता तर मला बरे वाटले असते.

दस्तात चूक झाली तर चूक-दुरुस्ती लेख करतात. लोकांसाठी मी असे शेकडो केले. माझ्या स्वतःच्या दस्ताला एकदाही लागला नव्हता. मी गावच्या डॉक्टरांकडे गेलो आणि खरे काय ते लिहून द्या म्हणालो. ते म्हणाले, दोन वेळा मी तुमच्या सांगण्यावरून लिहिले आहे. आता बदलायचे तर आधीची माहिती चुकीची होती असा तुमचा अर्ज मला लागेल. बाहेर तपासणीला बसलेली माणसे होती, दार उघडे होते, त्यांत बालाजीच्या आरतीला येणारे दोघे होते. मी तिथेच टेबलावर वाकून अर्ज लिहिला. माझ्या नातीला खाण्याशी संबंधित मानसिक आजार होता. डॉक्टरांनी ती शंका पहिल्याच दिवशी व्यक्त केली होती. उपवासाचे कारण मी दिले आणि ते चुकीचे होते. लिहून झाल्यावर सवयीने मी तो मोठ्याने वाचून दाखवला. मी मानसिक हा शब्द गाळला, असे सुनेच्या भावाने एकदा म्हटले होते. अर्जाची प्रत माझ्याकडे आहे. त्याने येऊन वाचावी.

विमा कंपनीने उत्तर दिले की दावा नामंजूर झाल्यानंतर केलेली दुरुस्ती विचारात घेता येत नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही हेच लिहिले असते. त्याने माझा राग कमी होत नाही.

आता त्या तेराव्याच्या पैशांविषयी. माझ्या वडिलांचे तेरावे उसनवारीवर झाले आणि जेवायला बसलेल्यांपैकी काहींना ते माहीत होते. तेव्हाच मी ठरवले होते की माझे जेवण माझ्या पैशांनी होईल, आणि निवृत्त झाल्यावर बँकेत मुदतीची ठेव केली. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, बुंदी. किती माणसे, कोणता आचारी, सगळे मी एका कागदावर लिहून ठेवले होते. मुलगा त्या गुरुवारच्या फेऱ्या पंधरा दिवसांवर न्याव्यात का, असे चाचपडत विचारायला आला तेव्हा मी ठेवीची पावती त्याच्यापुढे ठेवली.

तो म्हणाला, "अण्णा, लोक म्हणतील, पोरानं बापाचं तेरावं खाल्लं."

मी म्हणालो, "मग माणसं कमी बोलाव."

ठेव मोडली तेव्हा बँकेत मी होतो, मुलगा होता आणि एक कारकून होता. गावभर कोणी सांगितले ते त्या कारकुनाला विचारावे. मी टेंभा मिरवला नाही. मला विचारले तेव्हा हो म्हणालो, इतकेच.

घरी ताटासमोर बसण्याचे काम सुनेने आणि पत्नीने वाटून घेतले होते. पण सून रडायची आणि मुलगी आईच्या रडण्याचा फायदा घेऊन उठून जायची. म्हणून संध्याकाळचे ताट माझ्याकडे आले. माझ्या डोळ्यांना पाणी येत नाही. एका संध्याकाळी तिच्यापुढे वरण-भात होता. ती अर्धा तास भाताचे ढीग करून मोडत होती आणि मग एकदम गोड आवाजात म्हणाली, "आबा, आज एकादशी आहे. तुम्ही भात खा, मग मी खाते."

तिला माहीत होते. तिने सगळ्यांत भक्कम जागा शोधून तिथे घाव घातला होता. घरात त्या दिवसांत एकादशीचे नाव निघत नव्हते, आणि मी गुपचूप माझी एकादशी फळांवर पाळत होतो, हेही तिला माहीत होते. चुलीपाशी पत्नीचे हात थांबले. मी तिच्याकडे दुसरे ताट मागितले, भात वाढून घेतला, वर वरण घेतले आणि खाल्ले. मी ताट पुरते संपवले.

तिने आपले ताट पुढे ढकलले.

"आणि तुझं?" मी विचारले.

"मी काय लिहून दिलं होतं का?"

पन्नास वर्षांचे व्रत घालवून वर हे ऐकायचे. मी म्हणालो की लिहून दिलेले नसले तरी शब्दाला साक्षीदार आहे, आणि पत्नीकडे बोट दाखवले. ती म्हणाली, "मले नका ओढू तुमच्या कज्ज्यात. पोरी, भात थंडा होऊन राह्यला."

आम्ही दोघे दीड तास तिथे बसलो. ती मला काय काय म्हणाली ते सगळे लिहिण्यात अर्थ नाही. मी खोटारडा आहे, मला तिच्यापेक्षा माझी इज्जत प्यारी आहे, मी तिच्या उपासांवर देवळात भाव खाल्ला. मग म्हणाली, "तुम्ही मला मुळीच आवडत नाही."

"आवडू नको," मी म्हणालो. "जेव."

तिने वरण दोनदा गरम करून घेतले. शेवटी खाल्ले, सगळे नाही, पण खाल्ले, आणि प्रत्येक घासाला माझ्याकडे अशी पाहत होती की घास माझ्याच अंगावर फेकते आहे असे वाटावे. पुढच्या गुरुवारी मी हे डॉक्टरबाईंना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, ती तशी बोलत नाही, तिच्या तोंडून तिचा आजार बोलतो, मनाला लावून घेऊ नका. मी त्यांना नम्रपणे सांगितले की आजाराचे बाकी सगळे त्यांचे म्हणणे मला मान्य आहे, पण जिभेची ही धार माझ्या घराण्याची आहे. आणि ती देवळातल्या बढाईबद्दल म्हणाली ते खरे होते. खरे बोलणाऱ्या नातीचे श्रेय मी आजाराला देणार नाही.

माझी बहीण सांगते की मुलगी तिच्या नवसाने बरी झाली. नवस फेडायला तिने आमच्याकडूनच नारळाचे तोरण मागितले. मी दिले नाही. बरी झाली हा शब्द डॉक्टरबाई वापरत नाहीत आणि मीही वापरत नाही. चांगले आठवडे येतात, मग एखादा वाईट येतो आणि महिन्याची कमाई घेऊन जातो. बारावीच्या परीक्षेच्या वेळी ती पुन्हा ढासळली, आठ दिवस दवाखान्यात काढले, आणि तिथूनच येऊन तिने उरलेले पेपर दिले. एकदा ती मुलाला म्हणाली, आता पैसे घालवू नका, मी खाते आहे ना, गुरुवार बंद करा. ठेव संपत आली होती, आणि खरे सांगतो, तिचा तो शहाणपणाचा सूर मुलाला आणि मलाही दोन दिवस बरा वाटला. तिसऱ्या दिवशी सुनेने तिच्या दप्तरात आठवडाभराच्या पोळ्या पाहिल्या. गुरुवार चालू राहिले. पत्नीने पाटल्या काढून दिल्या; त्यावर बोलण्याची मला परवानगी नाही.

या पावसाळ्यात ती अठरा वर्षांची झाली. वर्ष केव्हाच उलटून गेले होते. डॉक्टरबाईंच्या मते आणखी एक लागणार होते. त्या गुरुवारी त्यांनी आम्हा सगळ्यांना आत बोलावले आणि मुलीला म्हणाल्या की, आजपासून ती कायद्याने मोठी आहे. यायचे की नाही ते घरचे ठरवणार नाहीत, तिने ठरवायचे आहे, आणि ती नाही म्हणाली तर कोणी तिला ओढून आणू शकणार नाही.

मी बोलायला तोंड उघडले. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे न पाहता हात वर केला. चाळीस वर्षांत कोणत्याही न्यायाधीशाने मला असे गप्प केले नव्हते, आणि मी गप्प बसलो. मुलाने पायाशी ठेवलेली पिशवी घट्ट धरली होती. मुलगी नखाने टेबलाची कड खरवडत बराच वेळ बसली. माझ्या मनात सगळी उत्तरे येऊन गेली, आणि त्यांतले नाही हेच मला अधिक शक्य वाटत होते, कारण तिच्या जागी मी असतो तर नाहीच म्हणालो असतो.

"येईन," ती म्हणाली. "पण आबा नकोत. आजी चालेल."

सून मला मामाजी म्हणते; ती म्हणाली, अगं, मामाजींनी तुझ्यासाठी... डॉक्टरबाईंनी तिलाही थांबवले आणि मुलीला कारण विचारले. ती म्हणाली की आबा समोर असले की ती त्यांना हरवण्यासाठी खाते, आणि आता तिला तसे खायचे नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "घरी संध्याकाळी बसा तुम्ही. तिथं चालेल मला."

या वाक्यावर माझे काय म्हणणे आहे ते मी अजून ठरवलेले नाही. तिला आणण्या-नेण्यात मी अडथळा होतो, असे सुनेच्या भावाला आता म्हणता येईल, म्हणू दे. ती येईन म्हणाली, हे पाच माणसांनी ऐकले आहे.

आज गुरुवार. दोघी सकाळच्या जालना गाडीने शहरात गेल्या. जाताना पत्नीने मला कुकरच्या शिट्ट्या किती घ्यायच्या ते दोनदा सांगितले, जणू मी काल जन्मलो. त्या सहाच्या सुमारास परततील. साडेसातला ताट वाढायचे असते. तांदूळ धुऊन ठेवले आहेत.